कामट्यांचं जाकीट

मोहाडी, ९ ऑगस्ट १९८१

ती. सौ. पुष्पाताईस,
घनश्यामचा सा. न. वि. वि.

यंदा राखी टपालानं पाठव, जवाहरनगरले येणं होणार नाही. घाबरू नको, पण खरं तेच लिहितो. मंगळवारी गुरांच्या दवाखान्यातून लसीची पेटी घेऊन सालेटोल्याले चाललो होतो. धानाच्या दोन शेतांमधल्या अरुंद धुऱ्यावरून राजदूत मोटारसायकलचं चाक घसरलं अन् हँडलचं टोक छातीत बसलं. डाव्या दोन बरगड्या मोडल्या. डॉक्टर म्हणाले, बरगडीले पलस्तर नसते; दीड महिना आराम कर, अन् दुखलं तरी खोल श्वास घेत जा, नाहीतर छातीत कफ साचेल. शिंक आली की उशी छातीशी धरून बसतो. शकुन स्वतः हसते अन् मले हसू नको म्हणते.

भाऊजीले नमस्कार. लोभ आहेच, तो वाढू दे.

तुझा, घनश्याम


मोहाडी, ४ ऑक्टोबर १९८१

सौ. पुष्पाताईंना,
शकुनचा वाकून नमस्कार.

ह्यांना न सांगता लिहून राहिली. बरगड्या भरून आल्या. डॉक्टरांनी गाडी चालवायले हो म्हटलं, पण हे रोज गाडी पुसून ठेवतात अन् सायकलनं निघतात. लस बर्फात ठेवावी लागते, ताई. सालेटोल्यापर्यंत सायकल जाता जाता बर्फाचं पाणी होते अन् लस वाया जाते. म्हणून यांनी लांबच्या गावाले जाणंच सोडलं. मागच्या आठवड्यात तिथल्या कलाबाईची दुभती गाय घटसर्पानं गेली. बाई आमच्या ओट्यावर येऊन बसली. त्या दिवशी हे जेवले नाहीत.

आता भंडाऱ्याच्या कार्यालयात टेबलाचं काम मागून राहिले, तसा अर्जही दिला. मले तर बरं वाटायले पाहिजे, पण वाटत नाही. तुमचं ऐकतात म्हणून लिहिलं. माया असू द्या.

तुमची, शकुन


जवाहरनगर, १४ ऑक्टोबर १९८१

चि. घनश्यामले,
पुष्पाताईचे अनेक आशीर्वाद.

शकुनवर रागावशील तर माझ्याशी गाठ आहे. भ्यायची लाज कायले वाटते? हाड मोडलेलं माणूस भिणारच. मी तर गाडी सोड असंच लिहायले बसली होती. पण तू टेबलापाशी बसून खिडकीतून रस्त्यावरची गुरं पाहून राहिला, हेच डोळ्यापुढे आलं अन् कागद फाडला.

इथं एका शेजाऱ्याजवळ मोटारसायकल शर्यतीचं इंग्रजी मासिक आहे. चिखलात, टेकाडावर गाड्या उडवणारे लोक छातीवर कडक ढाल बांधतात, असे फोटो आहेत त्यात. तसलं प्लॅस्टिक आपल्याले कुठलं? म्हणून मी मशीनवर जाड कॅनव्हासचं जाकीट शिवलं. आत लोकरीचा जाड नमदा, वरून बुरडाजवळच्या वेळूच्या कामट्या, एकेक आपापल्या खिशात, म्हणजे तुले वाकता येईल. ह्यांना घालून लाटण्यानं तीन ठोके देऊन पाहिले. म्हणाले, लग्नापासून पहिल्यांदा तुझं काही लागलं नाही!

हाड मोडणारच नाही असं मी म्हणत नाही. पण मार एका जागी न बसता पसरेल. मोहाडीच्या बाजाराले येणाऱ्या इथल्या भय्याजीजवळ जाकीट देऊन राहिली. एकदा घालून पाहा. मग टेबल पाहिजे तर खुशाल घे, मी बोलणार नाही.

शकुनले अन् तुले मायेचा हात.

ताई


मोहाडी, २५ ऑक्टोबर १९८१

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

जाकीट घालून निघालो तर शेजारच्या लक्ष्मणरावांनी विचारलं, कोणाशी लढाई आहे? मी म्हटलं, धुऱ्याशी.

गुरुवारी सालेटोल्याले गेलो. त्या धुऱ्यापाशी क्लच असा सोडला की गाडी बंद पडली. गाडी धरून उभा राहिलो, परत फिरावं असंही मनात आलं. मग किक मारली. धुरा पार झाला, अन् जिथं भीती नव्हती त्या पुढच्या नाल्यात धाडकन पडलो! हँडल पुन्हा छातीतच. चिखलात पडल्या पडल्या दुखण्याची वाट पाहत राहिलो. ते आलंच नाही, ताई. दोन कामट्या मोडल्या, मले फक्त खरचटलं.

पेटीतला बर्फ शाबूत होता. बावन्न जनावरं टोचली. टेबलाचा अर्ज काल मागे घेतला.

सगळ्यात शेवटी कलाबाई आली. त्या गाईची कालवड तिनं कोणाले धरू दिली नाही, स्वतःच मानेले मिठी मारून उभी राहिली. म्हणाली, इले दोन सुया टोच. मी म्हटलं, बाई, एकच पुरते. तर म्हणाली, मग दर साली येत जा.

हो म्हणून आलोय. आशीर्वाद असू दे.

तुझा, घनश्याम