बेंडरच्या नावाची विहीर

पिट्सबर्ग, ८ ऑक्टोबर २०१२

ती. लोइसताईस धाकट्या मर्लचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि सफरचंदाचा मुरंबा दोन्ही पोचले. मुरंबा संपला, पत्र अजून वाचतोय. तुझं अक्षर म्हणजे शाईत पाय बुडवून गेलेली कोंबडी. फोन करावा तर तुला ऐकू येत नाही, आणि तुमच्या त्या दरीत इंटरनेट यायची चिन्हं नाहीत. तेव्हा कोंबडीशी गाठ आहेच.

आता तुझं काम. सरकारी यादीत या खेपेला तुमच्या गावातल्या एका गॅसच्या विहिरीला परवाना मिळालेला दिसतो. नाव 'बेंडर'. कंपन्या विहिरीला जमीनवाल्याचं नाव देतात, आणि तुमच्याकडे बेंडर म्हणजे शेजारचा एल्वुडच. परवाना मिळाला म्हणजे उद्याच खोदतील असं नाही. कधी वर्षभर कुणी फिरकत नाही, कधी बघता बघता डोंगर सपाट. पण यंत्रं यायच्या आत तुझ्या पिण्याच्या झऱ्याचं पाणी तपासून घे. आधीचा दाखला हाती नसला, तर उद्या पाणी बिघडल्यावर ते म्हणतील, पहिल्यापासून असंच होतं.

एकच कळत नाही. चर्चच्या सभेत गॅसवाल्यांवर सगळ्यात जास्त तोंडसुख एल्वुडनंच घेतलं होतं ना?

भाच्याला, डॅरिलला, आशीर्वाद. लोभ मुरंब्यासकट वाढावा.

तुझा मर्ल

*

१५ ऑक्टोबर

चि. मर्ल यास अ. उ. आ.

माझ्या अक्षराला नावं ठेवणाऱ्याला यापुढे मुरंबा मिळणार नाही.

एल्वुडकडे जाऊन आले. तो गोठ्याचं दार दुरुस्त करत होता. सरळ विचारलं, विहिरीला तुझं नाव कसं? हातोडी खाली ठेवून म्हणाला की यादीत नाव आहे म्हणतेस, तर असेल. ना हो म्हणाला, ना नाही! माझं डोकंच फिरलं. माझ्या नवऱ्याच्या, होबार्टच्या, शवपेटीला खांदा दिलेला माणूस, आणि माझ्या झऱ्याच्या उशाशी गॅसवाल्यांना बसवतो! म्हटलं, रविवारी चर्चमध्ये माझ्या बाकावर बसायचं नाही. बरं म्हणाला आणि पुन्हा खिळे ठोकायला लागला.

तेव्हापासून मी गोंधळले आहे. चोर असता तर ओरडला असता, नसता तर हसला असता. येताना त्याच्या शेताच्या कडेकडेनं आले. विहिरीची जागा आखायला ठोकतात तसा एक खुंटासुद्धा दिसला नाही.

सकाळी डॅरिल नेहमीसारखा कॉफीला आला, त्याला सगळं सांगितलं. त्यानं मान खाली घालून धिरडी खाल्ली आणि म्हणाला, आई, जाऊ दे, एल्वुडकाकांशी भांडू नकोस. मी त्यालाही झाडलं, बापासारखा मऊ राहू नकोस म्हणून. पाणी तपासणारी मुलगी पुढच्या शुक्रवारी येणार आहे. तू ती यादी पुन्हा नीट बघ. माया आहेच, राग एल्वुडवर आहे, तुझ्यावर नाही.

तुझी ताई

*

पिट्सबर्ग, १९ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

यादीत विहिरीची नेमकी जागाही दिलेली असते. ती नकाशावर मांडून पाहिली. पुन्हा पुन्हा मांडली. ठिपका एल्वुडच्या जमिनीत पडतच नाही. दगडी बांधाच्या तुमच्या बाजूला पडतो, जंगलामागच्या वरच्या शेतात.

मग आठवलं, ते शेत पूर्वी बेंडरांचंच. होबार्टनं ओढ्याकाठची पाणथळ देऊन बदल्यात घेतलं होतं. कंपनीनं जुन्या कागदावरचं नाव तसंच उचललं असणार. इथपर्यंत कळतं. पुढे माझं डोकं चालत नाही, कारण ते शेत तू डॅरिलला लग्नात दिलंस.

नकाशा चुकत असेल. मीही चुकत असेन. तुझ्या कमरेमुळे तुला तिथवर चढवत नाही, म्हणून जाऊन बघ असंही म्हणता येत नाही. हे लिहावं की न लिहावं, तेही ठरत नव्हतं. राग आला तर माझ्यावर काढ.

तुझा मर्ल

*

२७ ऑक्टोबर

चि. मर्ल यास अ. उ. आ.

राग तुझ्यावरच काढला, दोन दिवस. मग कोट चढवला आणि एल्वुडकडे गेले.

त्याला ठाऊक होतं. वरच्या शेतातले खुंटे त्याला बांधापलीकडून सप्टेंबरातच दिसले होते. मग माझ्या शिव्या का ऐकून घेतल्यास, असं विचारलं. तर म्हणाला, पोरानं आईला सांगायची गोष्ट शेजाऱ्यानं कशी सांगायची? आणि तुझ्या शिव्या मला पचतात, त्याला पचल्या नसत्या. मला रडू आलं. तो म्हणाला, रडू नको, बाक परत दे, तिथे ऊन छान येतं.

घरी येऊन डॅरिलला काही विचारलं नाही. का, ते मलाच उमगत नाही. तो रोज आला. आम्ही कॉफी प्यायलो, हरणांच्या शिकारीचं बोललो. मला कळलंय हे त्याला कळलं होतं का, देव जाणे.

काल ती मुलगी आली. झऱ्याची वाट निसरडी, म्हणून एल्वुड सोबत आला. बाटल्यांची पेटी डॅरिलनं घेतली. बाटल्या भरून झाल्यावर तिनं विचारलं की विहीर होणार ती जमीन कुणाची, लिहावं लागतं. मी एल्वुडकडे पाहिलं. एल्वुडनं स्वतःच्या बुटांकडे पाहिलं आणि म्हणाला, यादीत नाव बेंडरचं आहे. ती लिहायला लागली.

तेव्हा डॅरिलनं पेटी खाली ठेवली. म्हणाला, ते खोडा. जमीन माझी आहे, गॅसवाल्यांच्या कागदावर सही मी केलीय. पाणी बिघडलं तर तक्रार माझ्याविरुद्ध लिहा. हे सगळं त्या मुलीला सांगत होता, पण बघत माझ्याकडे होता.

मर्ल, मला राग आला. अजून आहे, आणि लवकर जाणार नाही. त्यानं सही का केली, ते अजून सांगितलेलं नाही, आणि ऐकल्यावरही मला पटेल असं वाटत नाही. पण त्या क्षणी आधी बरं वाटलं, राग मागून आला. मी त्याला एवढंच म्हटलं की पेटी एल्वुडकडे दे, वाट निसरडी आहे, मला हात धरून खाली ने.

लोभ राहू दे. या घराला सध्या तो लागणार आहे.

तुझी ताई
लोइस