जोरात, पण ओरडून नाही

बाबा, आई आता माझ्याकडेच असते, मदन महलच्या घरी. दुपारचं जेवण झालं की ती दिवाणावर आडवी होते आणि मी जेवणाच्याच टेबलावर कागद पसरून बसते. मागच्या वर्षी मी निवृत्त झाले. सगळी नोकरी इंग्रजी कागद हिंदीत करण्यात गेली, त्यामुळे आता कुणी काही लिहायला सांगितलं की आधी मनगट दुखतं, मग डोकं. तरी गेले आठ दिवस लिहून राहिले, कारण सांगणारी तुमची नात आहे, धाकट्याची मुलगी. तुम्ही तिला पाहिलं नाही. कॉलेजात शिकते, चार पोरींचा बँड आहे तिचा, इथल्याच गोरखपूर मोहल्ल्यात एका मैत्रिणीच्या गच्चीवरच्या खोलीत वाजवतात. मराठी सगळी समजते तिला, उत्तर मात्र हिंदीत देते. म्हणाली, "आत्या, पॉवर पॉप शुरू कैसे हुआ, हमारी मॅगझिन के लिए लिख दो ना. नेटवाला सब है मेरे पास. मुझे आपका वाला चाहिए." माझ्यावालं म्हणजे खरं तर तुमच्यावालं आहे, हे तिला कुठं माहीत.

म्हणून लेखाच्या आधी मला तुमचे कान आठवत बसावं लागलं. तुम्ही रांझीच्या फॅक्टरीत हॅमर शॉपला होता. तापून लाल झालेलं लोखंड ऐरणीवर यायचं आणि वरून यंत्राचा घण पडायचा, भोंग्यापासून भोंग्यापर्यंत. कानात घालायला बोळे मिळत. तुम्ही ते खिशात ठेवायचे. आई कपडे धुण्याआधी खिसे तपासायची तेव्हा ते कोरेच्या कोरे निघायचे. "काहून घालत नाही हे?" ती विचारायची. तुम्ही म्हणायचे, "घण बरोबर पडला की नाही ते आवाजावरून कळते. कान बंद करून मी तिथं उभा राहून करू काय?" तुमच्याबरोबरचे लोक सांगायचे की तुम्ही पाठमोरे असलात तरी लोखंड निवल्याचं तुम्हाला आधी कळायचं. ते कान आमच्या डोळ्यांदेखत गेले. आधी कुकरची शिट्टी गेली, मग दारावरच्या सायकलची घंटी, मग आईचा आवाज. आई पहिल्यापासून हळू बोलणारी. तुम्ही रेडिओवरची नाट्यगीतं लावणं बंद केलं. म्हणालात, गाणारे उठून पलीकडच्या खोलीत जाऊन बसल्यासारखे वाटतात.

मी तेव्हा अकरावीत होते. रेल्वेतले एक अँग्लो-इंडियन गार्ड मुलीकडे ऑस्ट्रेलियाला कायमचे निघाले होते आणि घरातलं सामान काढून टाकत होते. तुम्ही त्यांचा पलंग पाहायला गेलात आणि सायकलच्या कॅरिअरवर लाकडी पेटीतला रेकॉर्ड प्लेअर आणि खोकंभर रेकॉर्ड बांधून परत आलात. आई दारात उभी. "पलंग कुठं आहे?" "पलंग गेला. हे राहिलं होतं." मग माझ्याकडे पाहून म्हणालात, "हे पोरीसाठी. इंग्रजी सुधरेल हिची." रेकॉर्ड त्या गार्डच्या मुलीनं परदेशातून पाठवलेल्या होत्या. म्हाताऱ्याला त्या आवडल्या नसाव्यात. निम्म्यांवर ओरखडासुद्धा नव्हता.

रविवार आहे. तुम्ही अंगणात सायकलच्या चेनला तेल देताय. मी खोक्यातली हाताला लागेल ती रेकॉर्ड लावते. आवाजाचं बटण कुठवर फिरवायचं ते मला ठाऊक नाही, म्हणून ते पूर्ण फिरलेलं आहे. किल्ल्यांचा जुडगा जोरात हलवावा तशी गिटार सुरू होते, मागून ड्रम येतात, आणि त्यावर तीन पोरं एकमेकांच्या आवाजावर आवाज ठेवून गाऊ लागतात. चाल इतकी सोपी की धृपद दुसऱ्यांदा आलं तेव्हा मला ते येत होतं. तुम्ही काळ्या हातांनी दारात येऊन उभे राहिलात. रागावणार म्हणून मी बंद करायला गेले. "राहू दे," तुम्ही म्हणालात, "ऐकू येऊन राहिलं." गाणं तीन मिनिटांत संपलं. तुम्ही म्हणालात, "पुन्हा लाव."

त्यानंतरचे रविवार तसेच गेले. तुम्ही स्टूल ओढून बसायचे आणि मला विचारायचे, "काय म्हणते हा?" मी सांगायची, मुलगी फोन उचलत नाही म्हणतो. पुढच्या गाण्याला पुन्हा तोच प्रश्न, आणि माझं उत्तरही बहुतेक तेच. "अच्छा," तुम्ही म्हणालात, "तिकडं फोन आहेत, पण उचलत कोणीच नाही." आई स्वयंपाकघरात हसली ते मला ऐकू आलं, तुम्हाला नाही.

खोक्याच्या तळाशी गाण्यांची जुनी मासिकं होती. ती मी शब्दकोश घेऊन वाचायची आणि रविवारी तुम्हाला सांगायची. नातीला लिहून दिलं ते तेच आहे, फक्त आता नीट पडताळून. साठीच्या दशकात विलायतेतल्या पोरांनी अमेरिकेचं रॉक अँड रोल उचललं, त्यावर गोड चाली चढवल्या, गाणं तीन मिनिटांच्या आत बसवलं. त्यांच्यातल्याच एका दणकेबाज बँडच्या गिटारवाल्यानं, आम्ही वाजवतो ते पॉवर पॉप, असं एका मुलाखतीत म्हटलं आणि नाव पडलं. पण नाव पडेपर्यंत हवा बदलली होती. रॉक जड झालं, एकेक गाणं रेकॉर्डची अख्खी बाजू खाऊ लागलं, छोट्या गोड गाण्यांना लोक पोरकट म्हणू लागले. तेव्हा, सत्तरीच्या सुरुवातीला, ज्यांनी शाळेत असताना ती विलायती गाणी ऐकली होती अशा काही अमेरिकन पोरांनी उलट्या दिशेनं चालायचं ठरवलं. खणखणीत गिटार, सोपी चाल, तिघांचे मिळून आवाज. काहींची गाणी चालली. दक्षिणेकडच्या एका नदीकाठच्या शहरातल्या बँडनं तर इतकं चांगलं काम केलं की मासिकांनी डोक्यावर घेतलं, पण रेकॉर्ड दुकानांत पोचल्याच नाहीत. त्या बँडची एक रेकॉर्ड आपल्या खोक्यात होती, रांझीच्या क्वार्टरमध्ये.

ते सांगतानाच ती गोष्ट झाली. "दुकानात काहून नाही पोचल्या?" तुम्ही विचारलंत. मी सांगितलं. तुम्हाला ऐकू आलं नाही. पुन्हा विचारलंत, पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलंत तेव्हा मी उठून तुमच्या कानाशी तोंड नेलं आणि किंचाळले, कंपनीनं नीट पाठवल्याच नाहीत म्हणून. भिंतीपलीकडून शेजारच्या दीदींनी डोकावून पाहिलं. तुम्ही रुमालानं कान पुसलात.

"ओरडू नको," तुम्ही म्हणालात. "जोरात बोल."

"एकच आहे ते."

"एक नाही. घण जोरात पडते, रागानं नाही पडत. रागानं पडला तर लोखंड फाटते. हे पोरं पाहा, एवढ्या जोरात वाजवून राहिले, पण एकही ओरडत नाही. चाल सुटत नाही त्यांची."

मी तोंड फुगवून आत गेले. पुढच्या आयुष्यात या गाण्यांवर मी बरंच वाचलं. जाणकारांनी गिटारींच्या तारा मोजल्या, कोणाचं वळण कोणाला लागलं ते सांगितलं, हे पॉवर पॉपमध्ये येतं आणि ते येत नाही यावर भांडणं केली. या पोरांबद्दलच्या तुमच्या त्या शेवटच्या दोन वाक्यांपुढे मला त्यातलं काही फार कामाचं वाटलं नाही. लेखाच्या सुरुवातीला मी तीच घातली. तुमच्या नातीनं त्याखाली पेन्सिलनं रेघ मारली आणि विचारलं, "ये किसने कहा, आत्या?" मी म्हटलं, तुझ्या आजोबांनी. "उनको ये सब आता था?" मी म्हटलं, ऐकायचे. घरातल्या फोटोत तुम्ही टोपी घातलेले आहात, तुम्हाला काही ऐकू येत असेल असं त्यावरून वाटत नाही.

पुढचं तुम्हाला सांगितलं होतं तरी लिहिते. सत्तरी संपता संपता अशाच एका बँडचं गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं आणि सगळ्या कंपन्या अरुंद टाय घालणारी पोरं शोधत फिरू लागल्या. आधी ज्यांना कोणी विचारलं नव्हतं त्यांचीच नक्कल करणाऱ्यांना एकदम मागणी आली. वर्ष-दोन वर्षांत लोक कंटाळले आणि त्याच टायांवर हसू लागले. तुम्ही त्यावर एवढंच विचारलं होतं, "मग वाजवणं सोडलं काय त्यांनी?" मी म्हटलं, नाही, आपापल्या गावात वाजवत राहिले. तुम्ही मान हलवलीत, शिफ्ट सुटल्यावर हलवायचे तशी. पुढं आणखी पोरं आली आणि त्या न खपलेल्या रेकॉर्ड शोधून त्यांच्यावरून शिकली, आता तर त्यांना मूळपुरुष म्हणतात. हे घडलं तेव्हा तुमच्यापर्यंत काही पोचेल अशी सोय राहिली नव्हती.

तुम्ही निवृत्त झालात, आपण क्वार्टर सोडून इकडे आलो. कानाचं यंत्र आणलं. तुम्ही म्हणायचे, हे नको ते सगळं ऐकवते, आणि ते कपाटात ठेवून दिलंत. शेवटच्या दोन वर्षांत गिटारही गेली. मग तुम्ही प्लेअरच्या लाकडी पेटीवर तळहात ठेवून बसायला लागलात. मी रेकॉर्ड लावायची, बटण पूर्ण फिरवायची, तुम्ही डोळे मिटून घ्यायचे. दर रविवारी. शेजारी तक्रार करायचे, आईचं डोकं दुखायचं, माझी तीच सुटी असायची. तुमच्या शेवटच्या हिवाळ्यातल्या एका रविवारी, दुपारी, मी रेकॉर्ड लावली, सुई ठेवली आणि बटण शून्यावर नेलं. तबकडी गरगर फिरत होती, खोलीत आवाज काही नव्हता. तुम्ही पेटीवर हात ठेवून बसलात. मी समोर बसून पेपर वाचला. बाजू संपली तेव्हा मी सुई उचलली, तुम्ही डोळे उघडलेत आणि म्हणालात, "चांगलं होतं हे." मी मान हलवली. त्यानंतरचे दोन-तीन रविवारही मी तसंच केलं. मग तुम्ही आजारी पडलात आणि ते संपलं.

इतकी वर्षं मी धरून चालले की तुम्हाला कळलं नाही. परवा लेख पुरा झाला म्हणून आईला वाचून दाखवत होते. तिला आता कमी ऐकू येतं, मी जोरात वाचत होते. मध्येच ती म्हणाली, "तू आवाज बंद करून लावायची ना त्यांना, शेवटी शेवटी."

मी विचारलं, "तुला कसं माहीत?"

"घर काय एवढं मोठं आहे? मला ऐकू यायचं नाही ते, म्हणून कळलं. त्यांनाही माहीत होतं. हाताला काही लागत नव्हतं ना. मला म्हणाले, पोरगी आठवडाभर दफ्तरात राबते, थकली आहे, राहू दे. तिला काही बोलू नको."

"मग ते बसायचे काहून?"

"तू समोर बसायची म्हणून," आई म्हणाली, आणि कूस बदलून पडून राहिली.

लेख नातीनं आज नेला. तिला आवडला. त्यांच्या बँडला ऐकायला ये म्हणाली, मी पाहू म्हटलं. तीन जिने चढायचे आहेत. आई उठायच्या आत हे कागद घडी करून ठेवून द्यावेत. पाठवायचे कुठं, तो प्रश्न नाहीच. पण तुम्ही आईला जे सांगितलंत ते चुकीचं होतं, बाबा, आणि ते दुरुस्त करणारं आता माझ्याशिवाय कोणी नाही. त्या हिवाळ्यात दफ्तरात फारसं काम नव्हतं. मी थकलेली नव्हते. मला तुमचा कंटाळा आला होता. परवा आईपुढे हे म्हणता आलं असतं, ती जागीच होती. मी म्हटलं नाही.