अळंब्यांची जागा

तीर्थरूप ब्लाझेनाताईस,

धाकट्या ओताकारचा वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? (नऊ वर्षांत विचारलं नाही, म्हणून दोन्ही गुडघ्यांचं एकदम विचारतो.) मी ठीक. म्हणजे बायको गेल्यापासून दोन वर्षं पलंगावरच आहे, पण ठीक.

माझी लेक लिबुशे मला ओढत ब्रनोच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथे मनाच्या दुखण्यावर अळंबीतलं औषध देऊन बघतात. आता मला सांग, जन्मभर अळंब्या वेचलेल्या माणसाला या लोकांनी कॅप्सूल द्यावी? मी पहाटे उठलो (हो, आपणहून!), जंगलात जाऊन टोपली भरली आणि डॉक्टर शिमकोवाबाईंच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, घ्या, घरचा माल. बाई अशा दचकल्या की दोन नर्सा धावत आल्या. "अहो बाबा, या सूपमध्ये घालायच्या अळंब्या! लाज आणलीत!" लिबुशे ओरडली. मग रुग्णाने स्वतःचं औषध आणू नये, असं लिहिलेल्या कागदावर माझी सही घेतली.

शेवटी त्यांची कॅप्सूल गिळली. डोळ्यांवर पट्टी, कानात संगीत. वाटलं, बायको दिसेल. दिसलीस तू! मी सहा वर्षांचा, एक बूट चिखलात रुतून गेलेला, आणि तू मला पाठुंगळीला घेऊन घरी आणतेयस, वाटभर शिव्या देत. सहा तास मी "ताई, ताई" करून रडलो म्हणे. तुझी इतकी आठवण येते गं, आणि ते कळायला मला औषध लागावं!

दुसऱ्या दिवशी घरच्यांसोबत बोलायचं असतं. बाईंनी विचारलं, या ताई कुठे असतात? लिबुशेने सगळं ओकून टाकलं. आपली अळंब्यांची गुप्त जागा तू शेजारणीला दाखवलीस असं मी म्हणालो, तू टोपली माझ्या अंगावर फेकलीस, तेव्हापासून बोलणं बंद. मला वाटलं, बाई हसतील. त्या उलट गंभीर झाल्या. म्हणाल्या, "खरंच दाखवली असेल, तर चूक ताईंचीच." (बाईही वेचतात. जागा मात्र सांगत नाहीत.)

असो. माझी काळजी करू नकोस. मला कुणाची गरज नाही.

तुझा ओताकार

ता. क. पुढचं बोलणं चौदा ऑक्टोबरला, सकाळी दहाला. घरचं माणूस म्हणून तुझं नाव देऊन आलोय.

आणखी एक. तू त्या शेजारणीला मुद्दाम उलट दिशेला पिटाळलंस, हे तिनेच मला दुसऱ्या वर्षी सांगितलं, चांगले दात-ओठ खात. मी आठ वर्षं गप्प बसलो. आपल्या त्या जागेत ओढ्याच्या डावीकडच्या अळंब्या तुझ्या असायच्या ना? त्यांना मी अजून हात लावत नाही. दरवर्षी तिथेच सडतात.