न लागलेल्या नोकरीचे पेढे

सातपूर, नाशिक

प्रिय सुले,

हातात फोन असताना ह्या भागीला कागद काळे करायची हौस कुठून आली, असं म्हणून तू हसशील. हसून घे. लग्न होऊन मी देवळ्याहून इकडे आले तेव्हा तू मला पत्रं लिहायचीस, त्यात निम्मं पत्र तुमच्या आजारी म्हशीचंच असायचं. मी एकालाही उत्तर दिलं नव्हतं. आता लिहायला बसले तर माझं अक्षर माझं मलाच वाचवत नाही. तब्येत बरी आहे. साखर वाढलीय, गुडघे कुरकुरतात, पण ते सोड. मला दुसरंच सांगायचंय आणि कुठून धरावं ते सुचत नाहीये.

सोमनाथच्या नोकरीचे पेढे मी दाजींच्या हाती मनमाडला पाठवले होते, आठवतात ना? खवा जरा जास्त भाजला गेला होता म्हणालीस. ज्या दिवशी ते नोकरीचं ई-मेल आलं, त्या दिवशी आमच्या घरात सण होता गं. डिप्लोमा करून पोरगं आज ह्या कंत्राटदाराकडे, उद्या त्या, असं फिरत होतं. आणि अचानक यांच्याच कंपनीचं पत्र! जिथं यांची उभी हयात गेली, त्याच कंपनीचं. यांनी चष्मा लावला, फोनवरच्या त्या निशाणावर बोट ठेवलं आणि म्हणाले, हे निशाण मी झोपेतसुद्धा ओळखेन. ना मुलाखत, ना परीक्षा. मी आपलं भीतभीत विचारलं, अहो, न बघता न बोलावता घेतात का हो आता पोरांना? तर माझ्यावरच खेकसले, मोतीराम नावाला तिथं काही वजन आहे की नाही? नवऱ्याच्या अब्रूपुढे बायकोची शंका म्हणजे काय, तुला सांगायला नको. उद्याच्या उद्या फॉर्म भरा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल, अशी घाई होती त्यात. सोमनाथनं आधार भरलं, बँकेचं सगळं भरलं, फोनवर आलेला आकडाही टाकला. शेवटी चांगल्या, होतकरू मित्रमैत्रिणींची नावं आणि पत्ते मागितले होते, तेही त्यानं हौसेनं दिले.

मग आपली रीत. देवापुढे पेढे ठेवले, मग गल्लीभर वाटले. खालच्या नवसाबाईंनी तर पोराची दृष्ट काढली. हजर व्हायच्या दिवशी हे स्वतः त्याला स्कूटरवरून गेटपर्यंत घेऊन गेले. तिथला भिकन वॉचमन यांचा जुना दोस्त, त्याच्यासाठी वेगळा डबा नेला होता पेढ्यांचा. सुले, भिकननं मेलचा छापील कागद हातात घेतला आणि खाली मान घातली. म्हणाला, भाऊ, असलाच कागद घेऊन लय पोरं येऊन गेली. आतून एक मॅडम आल्या. बिचारी चांगली बोलली. म्हणाली, काका, हे आमचं नाहीच. निशाण कुणीही चिकटवतं, मेल कुठून आलंय तो पत्ता बघायचा, त्याच्या शेवटी आमच्या कंपनीचं नाव नाही, भलतंच शेपूट आहे. नोकरी द्यायला कंपनी कुणाकडून काही मागत नाही, की बँकेचा आकडा विचारत नाही. लगेच १९३० ला, ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी नंबरवर, फोन करा, मेल पुसू नका, आम्हालाही पाठवा. यांनी सगळं ऐकून घेतलं. पेढ्यांचा डबा तसाच भिकनच्या टेबलावर ठेवला आणि पोराला घेऊन घरी आले. आल्या आल्या त्याला म्हणाले, पुसून टाक ते. आणि माझ्यासमोर त्यानं पुसलं. खात्यात होतं नव्हतं ते तोवर गेलं होतं.

यांचं म्हणणं एकच, झाकली मूठ सव्वा लाखाची. गल्लीभर पेढे वाटलेत, आता कुठल्या तोंडानं पोलिसात जायचं? माझ्याच कंपनीच्या नावानं मला फसवलं, हे सांगू? म्हणून सोमनाथ रोज सकाळी शर्ट इन करून निघतो. मी त्याला पोळीभाजीचा डबा भरून देते. तो तपोवनात जाऊन बसतो, तिथंच खातो, आणि कामगार सुटायच्या वेळेला घरी येतो. नवसाबाई विचारतात, कँटीनचं जेवण कसं आहे गं, आमच्या भाच्याचं बघ ना काही. आणि मी हसून म्हणते, बघू या की. जीभ झडत कशी नाही माझी! पोरगं वाळत चाललंय. रात्री जेवताना मान वर करत नाही. मला यांचा राग येतो, येतो म्हणजे येतोच. पण काय करू, हे भाजीला जातानासुद्धा आता कंपनीचा रस्ता टाळून लांबून जातात.

तुला तुमची कांद्याची चाळ आठवते? आपण दोघी फ्रॉकमध्ये कांदे निवडत बसायचो, आणि तुझं नाक असं तिखट की ढिगात कुठं सडका कांदा आहे ते तुला बरोबर कळायचं. मी एकदा हाताला घाण लागेल म्हणून एक तसाच आत ढकलला होता, तर तुझे अण्णा केवढे ओरडले. पोरींनो, वास आला की काढायचा, लाजायचं नाही, नाहीतर शेजारचे सगळे सडतील. परवापासून मला सारखे अण्णा आठवतायत.

परवापासून म्हणजे तुझा फोन आल्यापासून. किती खुशीत होतीस तू. तुझ्या वेदिकालाही त्याच कंपनीचं मेल आलंय म्हणालीस, सोमनाथ मोतीराम यांच्या शिफारशीवरून असं त्यात लिहिलंय म्हणालीस, भागे तुझ्या लेकाचे उपकार म्हणालीस, गुरुवारी फॉर्म भरायचा आणि पेढे सांगून ठेवलेत म्हणालीस. सुले, त्यानं भरलेल्या फॉर्मातलं पहिलं नाव वेदिकाचं होतं. मी फोन ठेवला. परत दोनदा फोन हातात घेतला. पण तुझ्या त्या आनंदात मी नको म्हटलं असतं, तर भागीच्या पोटात दुखतंय असं तुला वाटलं असतं, आणि पोरीनं हळूच फॉर्म भरला असता. म्हणून सोमनाथलाच पाठवतेय. तोच म्हणाला, आई, माझ्या नावानं गेलंय, मीच जातो. हे पत्र तुझ्या हातात देणारा तोच. वेदिकानं काहीही भरू नये, कुठंही बोट लावू नये, आणि ते मेल पुसू नये. आमचं पुसलं गेलं, आता दाखवायला तिचंच उरलंय. दोघांनी तुझ्यासमोर बसून तक्रार नोंदवायची, त्या मॅडमनाही पाठवायचं, आणि बाकी ज्यांची नावं त्यानं दिली त्यांना एकेक फोन करायचा. यांना मी सगळं सांगितलंय. आत्ता बाहेर स्कूटर पुसतायत, सकाळी त्याला स्टेशनवर सोडायला. वेदिका रडेल, रडू दे. पेढे परत कर, नाही घेतले तर तुम्हीच खा. दारातल्या पोराला मात्र काही बोलू नकोस, त्याला आधी गरम भाकरी घाल. आणि सुले, मी रोज भरते तसला खोटा डबा भरायची पाळी तुझ्यावर येऊ देऊ नकोस गं.

तुझीच,
भागी