तपकिरी जंगल

३ ऑगस्ट

ती. आजोबांस,
चिऊचा शि. सा. न. वि. वि.

आधी तुमचा गुडघा कसा आहे ते कळवा. मागच्या पत्रात तुम्ही फक्त शेजारच्यांच्या गुडघ्याबद्दल लिहिलं होतं.

शाळेत यंदा नवीनच टूम निघाली आहे. वरच्या-खालच्या वर्गांतली, वेगवेगळ्या विषयांची मुलं एकत्र करून गट पाडलेत. माणसामाणसांतला एकेक फरक निवडायचा आणि सगळ्या विषयांच्या बाजूंनी तपासायचा. आमचा फरक म्हणजे रंग कोणाला कसे दिसतात. जीवशास्त्र माझ्याकडे, प्रकाश भिंगाकडे (त्याचे वडील चष्मेवाले, तोही चष्म्यातला), इतिहास बडबडीकडे आणि नकाशे आपल्या दादाकडे.

ठिपक्यांत आकडा लपवलेली कार्डं आम्ही रंगवली आणि आधी आपापसांतच तपासणी केली. दादाला एकाही कार्डात आकडा दिसला नाही. त्याला वाटलं, आम्ही त्याची फिरकी घेतोय. मग त्याने कार्डं स्वतःच उजेडात नेऊन पुन्हा पाहिली. आजोबा, त्याच्या नकाशात जंगलं तपकिरी असतात म्हणून भूगोलाच्या बाई दरवेळी वेंधळेपणाचा शेरा देतात आणि घरी आपण सगळे हसतो. तो वेंधळा नव्हता.

खरी गोष्ट पुढेच आहे. रेल्वेच्या शिकाऊ इंजिनचालकांची निवड या महिन्याच्या अखेरीला आहे, आणि तिथे डोळे अशाच कार्डांवर तपासतात. दादाला लहानपणापासून दुसरं काही व्हायचंच नाही. भिंगाच्या वडिलांकडे त्या कार्डांचं पुस्तक आहे. ठिपक्यांची ठेवण ओळखून आकडे पाठ करायचे, असं दादाने ठरवलंय, आणि पाठ मी घेते. अर्धं झालंसुद्धा. मी चुकतेय का? आईला विचारता येत नाही. डोळ्यांतला हा दोष मुलाला आईकडून येतो, असं माझ्याच अभ्यासात निघालं. कळलं तर ती स्वतःलाच बोल लावत बसेल.

उत्तर लवकर पाठवा. लोभ आहेच, थोडा वाढवून ठेवा.

तुमची,
चिऊ


१० ऑगस्ट

चि. चिऊस,
पोटभर आशीर्वाद.

गुडघा माझ्याच वयाचा आहे, त्याच्याकडून किती अपेक्षा करायची?

तुझं पत्र वाचलं. जन्मभर रंगाच्या हौदाशी उभा राहिलो आणि नातवाचे डोळे मला कळले नाहीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

आमच्या गिरणीच्या रंगखात्यात एक रीत होती. रंग चढला की नमुन्याची लडी खिडकीशी न्यायची आणि दोघांनी बघायची. एकट्याच्या डोळ्यांवर माल जात नसे, मग तो मुकादम का असेना. त्यातूनही चुकलं तर सूत पुन्हा हौदात घालता येई. गाडीतल्या माणसांना पुन्हा कुठे घालणार, बाळे? म्हणून पाठ घेणं थांबव. पण त्याच्यावर रागावू नकोस. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

खात्यात नवा माणूस आला की त्याला लड्या गडद ते फिकट अशा लावायला देत. ते दादाला नक्की जमेल. जुन्या लड्यांचं पुडकं सोबत पाठवतोय. गटासमोर त्याच्याकडून लावून घे, म्हणजे पोराला धीर येईल.

माया धुतली तरी जाणार नाही अशी पक्की आहे, हे दोघांनी ध्यानात ठेवावं.

आजोबा


२२ ऑगस्ट

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

लड्या पोचल्या. दादाने गडद-फिकट अगदी चोख लावल्या. आम्ही शाबासकी दिली, तसा त्याला जोर चढला आणि न सांगता तो रंगवार ढीग करायला बसला. हिरव्यात तपकिरी गेल्या, करड्यात गुलाबी. कोणी हसलं नाही, आणि तेच त्याला लागलं. हसलो असतो तर त्याने दोन टपल्या मारल्या असत्या. ढीग तसेच टाकून तो निघून गेला. आता तुमचं नाव काढलं तरी उठून जातो.

मी पाठ घेणं थांबवलं, तर त्याने भिंगाकडून पुरं करून घेतलं. बडबडीने शोधलंय की ही तपासणी सुरू झाली ती फार पूर्वीच्या एका अपघातानंतर, चालकाने सिग्नलच्या दिव्याचा रंग ओळखण्यात चूक केली अशा संशयावरून. ती वाचत होती तेव्हा दादा टेबलाशीच होता. त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

निवड पुढच्या आठवड्यात आहे. त्याला सगळी कार्डं येतात. मी त्याला काय म्हणू?

लोभ असू द्यावा. सध्या घरात त्याची चणचण आहे.

चिऊ


६ सप्टेंबर

ती. आजोबांस,
दादाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र निवडीच्या आदल्या दिवशी मिळालं. लड्यांबद्दल तुम्ही माफी मागितलीत आणि निवडीबद्दल अवाक्षर काढलं नाहीत. आजोबांनी नातवाची माफी मागायची नसते. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

निवडीला गेलो. बाकावर शेजारी एक लुकडा मुलगा होता. त्याने आपल्या डब्यातलं अर्धं मला दिलं. म्हणाला, इंजिनात दोघं असतात, आपली जोडी लागली तर बरं. त्याला पहाटे झोप आवरत नाही, तेव्हा पहाटेचं मी सांभाळायचं. मी हो म्हणालो. मग मला आत बोलावलं.

पहिलं कार्ड समोर आलं. आकडा जिभेवर होता. पण डोळ्यांपुढे तो मुलगा आला, पहाटे माझ्या भरवशावर पेंगणारा. मी सांगितलं, ठिपके दिसतात, आकडा दिसत नाही. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. चिऊ म्हणाली होती तशी ती स्वतःलाच बोल लावून रडली. मी म्हटलं, तुझ्याकडून मला हा हट्टीपणाही आलाय, त्याचं कधी रडली नाहीस. ती हसली नाही, पण नंतर जेवली.

शाळेच्या प्रदर्शनात आमच्या गटाचा नकाशा लागला. त्यात रंगांऐवजी रेघा आणि खुणा आहेत. तपासणीच्या तक्त्यात माझा निकाल मी नावासकट लिहिला. भूगोलाच्या बाई माझ्या जुन्या वह्यांतले शेरे खोडायला निघाल्या होत्या. राहू द्या म्हटलं, त्यातले काही खरंच वेंधळेपणाचे होते.

तो लुकडा मुलगा निवडला गेला. मी पुढे काय करणार, ते मला ठाऊक नाही. खोटं लिहीत नाही आजोबा, वाईट वाटतं. शिटी ऐकू आली की हातातलं काम थांबतं. गाडी पुरती निघून जाईपर्यंत मी थांबतो, मग पुन्हा सुरू करतो.

तुमचा लोभ आहे तसाच राहो, सध्या दुसरं मागणं नाही.

तुमचा,
दादा