रविवारची भाकर

उमरगा, ता. ६ एप्रिल १९६१

चि. सौ. एस्तेर हिस, प्रभूच्या नावानं सलाम व अ. उ. आ.

आईचं अन्न सुटलंय. डॉक्टरांनी हात टेकले. तिची एकच इच्छा उरलीय. सोळा तारखेच्या रविवारी पास्टर घरी प्रभुभोजन देतील, तेव्हा तू अन् मी तिच्या दोन बाजूंना बसून तिच्यासोबत भाकर घ्यावी.

तुझं उत्तर ठाऊक आहे मला. लग्न करून कॅथलिक झालीस अन् प्रभुभोजनाचा ‘बळी’ झाला! मागं आईपाशी हा शब्द काढलास, तर शेजारच्या उमाबाईनं विचारलं, बोकड कुणाचं? लाज वाटली मला. प्रभू एकदाच मेला, बाई. दर रविवारी पुन्हा कशाला मारता? फादर तुमच्याकडं पाठ करून लॅटिन पुटपुटणार, द्राक्षारस एकटेच पिणार, अन् तुम्ही टकमक बघणार. आम्ही भाकर मोडून त्याच्या मरणाची नुसती आठवण काढतो, तमाशा करत न्हाय. ये.

राग धर, पण लोभही धर.
तुझा शांतवन

येरमाळा, ता. १० एप्रिल

ति. दादास, एस्तेरचा सा. सलाम, वि. वि.

पत्र वाचून आमचे हे लई हसले. प्रभू पुन्हा मरतो असं कोण म्हणतं? तेच एक अर्पण आमच्यापुढं येतं, एवढं मास्तर असून तुम्हाला उमजंना! अन् तुमची आठवण? नाताळात द्राक्षारस करायला मनुका मिळाल्या नाहीत म्हणून गुलाबाच्या सरबतावर भागवलंत. प्रभुभोजनाची उरलेली भाकर वहिनीनं कोंबड्यांपुढं टाकली. आठवणच काढायची तर फोटोला हार घाला की.

माझ्या लेखी तुमच्या पास्टरांची भाकर म्हणजे नुसता तुकडा आहे. तो घेतला तर फादर मला मिस्साला, आमच्या प्रभुभोजनाला, जवळ करणार नाहीत. तुमचा रविवार उरकून घ्या, मी मंगळवारी येते. आईला माझा मुका.

थट्टा विसरावी, माया राखावी.
एस्तेर

उमरगा, ता. १७ एप्रिल

चि. एस्तेर, सलाम.

तार पोचली असेल. आई आज पहाटे गेली. उन्हामुळं लगेच माती द्यावी लागली.

काल पास्टर यायच्या आधी तुझं पत्र मीच तिला वाचून दाखवलं, कोंबड्यांसकट. तुझी अक्कल कळावी म्हणून. पास्टरांनी भाकर पुढं केली, तर तिनं ओठ मिटले. एस्तेर येऊ दे, म्हणाली. मी म्हणालो, ती येणार न्हाय, तिला हा नुसता तुकडा वाटतो. तर म्हणते, मग चुलीवरची भाकर आणा, तीच दोघं मिळून भरवा. पास्टरांसमोर मी तिच्यावर खेकसलो.

नंतर तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही.

कुणाचं खरं ते राहू दे आता. आई उपाशी गेली, एस्तेर.

शांतवन