फोन वाजला की हिरवं

१७ नोव्हेंबर

बेळगाव ऑफिसचा मेसेज आला. इंग्रजीत. शेजारच्या चंपाक्काच्या सुनेकडून वाचून घेतला. एक तारखेपासून घरून ऑफिसचं कॉम्प्युटर उघडायचं तर नुसता पासवर्ड चालणार नाही. आपल्या फोननंही होकार द्यायचा, मग उघडणार. ज्याला जमणार नाही त्यानं ऑफिसात येऊन बसायचं.

येऊन बसायचं. निपाणीहून बेळगाव, रोज, जाऊन-येऊन. आणि इथं शांता अंथरुणावर. बायकोला कुशीवर कोण वळवणार? पाणी कोण पाजणार?

तिला बोललो नाही. तरी कळलं. लकव्याच्या झटक्यानं तिचं तोंड वाकडं झालं, नजर आहे तशीच आहे. "का...य?" म्हणाली. म्हटलं, काही नाही, ऑफिसचं.

१८ नोव्हेंबर

काम सुचलं नाही. डाळीत मीठ दोनदा पडलं.

निपाणीची तंबाखूची वखार बंद झाली तेव्हा मालकांनी सगळ्यांना घरी बसवलं, मला ठेवलं. शांता अंथरुणाला खिळल्यावर हा लॅपटॉप दिला. यात बेळगावचं कॉम्प्युटर उघडतं, तिथंच खुर्चीवर बसल्यासारखं. मालाची आवक-जावक इथं पलंगाशेजारी बसून लिहितो. एक डोळा आकड्यावर, एक तिच्यावर. हे गेलं तर पुढं काय, याचा विचार करवत नाही. मी सातवी शिकलेला. या वयात मला दुसरं काम कोण देणार?

१९ नोव्हेंबर

ऑफिसच्या कॉम्प्युटरवाल्या रेखा मॅडमचा फोन. घरी कन्नड बोलतात, माझ्याशी मराठी. म्हणाल्या, "लॅपटॉपवर काळा चौकोन दिसतो का अण्णा? फोननं तो टिपायचा. बस्स."

टिपला. छान फोटो आला. त्यांना पाठवूनही दिला, खात्रीसाठी.

लगेच फोन. "अण्णा, हे काय केलंत? ती तुमची किल्ली आहे. किल्ली कुणी अशी पाठवतं का? पुसा आधी. मीपण पुसते."

फोटो साध्या कॅमेऱ्यानं काढायचा नव्हता. त्यासाठी वेगळं ॲप घ्यायचं होतं, त्यातनं टिपायचा होता. जुना चौकोन त्यांनी बाद केला. नवा उद्या देणार. चंपाक्का दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "अण्णा, तुमच्यापरीस आमची म्हस शानी. ती तरी सांगितल्याशिवाय पुढं जात न्हाय."

हसलो. हसू आलं नव्हतं.

२१ नोव्हेंबर

ॲप बसलं. आता फोनवर सहा आकडे येतात, ते लॅपटॉपवर घालायचे. आकडे थोडाच वेळ टिकतात, मग बदलतात. मी चष्मा लावून फोन बघतो, मग लॅपटॉपची बटणं शोधतो, चौथ्या आकड्याला पोचतो तोवर फोनवर दुसरेच.

शांता म्हणाली, दे. फोन तिच्या डाव्या हातात दिला. ती वाचणार, मी दाबणार. "सा...त. ती...न." शब्द तिच्या तोंडात अडकत होते, पण येत होते. झटक्यानंतर एवढं सलग ती बोललीच नव्हती. आकडे बदलले, तरी मी थांबवलं नाही.

दुपारपर्यंत तेच. मग कॉम्प्युटरनं दारच बंद केलं. लई चुका झाल्या म्हणे.

२२ नोव्हेंबर

मॅडमनी दार उघडून दिलं. मी विचारलं, माझ्यानं हे होणार नाही का? म्हातारा माणूस आहे, खरं काय ते सांगा.

"स्वल्प थांबा अण्णा. तुम्हाला दुसरं देते. आकडे नकोत. तुम्ही लॅपटॉप उघडला की फोन वाजेल आणि विचारेल, तुम्हीच आहात का? दोन बटणं दिसतील. हिरवं म्हणजे होय, तांबडं म्हणजे नाही. हिरवं दाबायचं. आयतु, झालं."

एवढंच? म्हटलं, एवढंच असेल तर देव पावला.

"एक लक्षात ठेवा. तुम्ही स्वतः उघडत असाल तरच हिरवं. उगाच विचारलं तर तांबडं. चोर असतात, सारखं विचारतात, कधीतरी माणूस कंटाळून दाबतो."

म्हटलं, कळलं.

२३ नोव्हेंबर

उघडलं. पहिल्या झटक्यात. थांबलेलं सगळं काम रेटलं. पाठ मोडली, पण बरं वाटलं. शांताला तूप-भात भरवला. तिनं सगळा खाल्ला.

२४ नोव्हेंबर

फोन तिच्या उशाशीच असतो. आपल्या घरी हा एकच. मी दूध, भाजी, औषधाला गेलो की तिच्याजवळ ठेवून जातो आणि बाहेरून कुणाच्या तरी फोनवरून तिला लावतो, ठीक आहेस का म्हणून. जुना बटणाचा फोन तिला दाबता येईना, बटणं बारीक. यावर बोट कसंही पडलं तरी चालतं. झटका आला त्या महिन्यात रोज शिकवलं होतं. वाजला की हिरवं. हिरवं दाबलं की मी. तेवढं तिला पक्कं जमलं.

आता सकाळी लॅपटॉप उघडला की फोन तिच्याजवळच वाजतो. मी टेबलावरून म्हणतो, दाब. ती दाबते. ऑफिसचं कॉम्प्युटर उघडतं. तिला गंमत वाटते. "हा...पिस" म्हणते आणि डाव्या बाजूनं हसते. मॅडमनी सांगितलेलं तांबड्याचं तिला सांगितलं. तिनं मान हलवली.

२६ नोव्हेंबर

दुपारी प्रेशरच्या गोळ्या आणायला गेलो. चंपाक्का सुनेच्या माहेरी, अक्कोळला. दुकानात गर्दी. दुकानदाराच्या फोनवरून लावायचं ठरवलं होतं, पण त्यांच्याच फोनवर गिऱ्हाईक बोलत होतं. म्हटलं, राहू दे, आता पोचतोच. परत आलो तर गल्लीतली लाईट गेलेली, मी चौकटीत असतानाच आली.

शांता जागी. लगेच बोलली, "वाज...ला. दा...बलं."

मी फोन लावलाच नव्हता. फोन हातात घेतला. कुणाचा कॉल नाही. आलेला नाही, चुकलेला नाही.

"काय विचारत होता? हापिसचं होतं?"

"हिर...वं." आणि हसली.

२६, पुन्हा

लॅपटॉप मी बंद करून गेलतो का उघडा ठेवून? आठवत नाही. मॅडम एकदा म्हणाल्या होत्या, लाईन तुटून परत जोडली की कॉम्प्युटर आपणहून पुन्हा विचारतं. लाईट गेली-आली, तेव्हा त्यानंच विचारलं असेल. तेच असेल. पण लाईट मी येताना आली. ती म्हणते वाजून वेळ झाला. किती वेळ ते तिला सांगता येत नाही. लाईट मधे एकदा येऊन गेली असेल का? विचारलं तर नुसती बघते. घाबरायला लागली म्हणून विचारायचं सोडलं.

२७ नोव्हेंबर

सगळ्या नोंदी तपासल्या. माल तेवढाच, पावत्या त्याच. काही हललेलं नाही. पण माझ्या नोंदी म्हणजे एक कोपरा. त्या कॉम्प्युटरवर आख्ख्या धंद्याचं आहे. गिऱ्हाइकं, बँका, सगळं. माझ्या दारानं कुणी आत गेलं असेल तर ते माझ्या कोपऱ्यातच कशाला थांबेल.

शांतानं फोन मागितला. दिला नाही. म्हणाली, "चु...कलं?"

"न्हाय गं. तुझं काय चुकलं."

तिनं तोंड भिंतीकडं केलं. स्वतःहून कुशीवर वळायला तिला किती त्रास होतो, मला माहीत आहे. तरी वळली.

२८ नोव्हेंबर

लोंढ्याला सुमनला फोन केला. पोरीला नाही सांगायचं तर कुणाला. सगळं ऐकलं आणि म्हणाली, "बाबा, कुणी विचारलंय का तुमाला?"

"न्हाय."

"काय गेलंय का?"

"दिसत तरी न्हाय."

"मग गप्प बसा की. तुमी तोंड उघडलं की ते लॅपटॉप काढून घेणार. मग आईला काय बसच्या शिटावर झोपवून न्हेनार व्हय बेळगावला?"

म्हटलं, आणि खरंच कुणी शिरलं असेल तर?

मग म्हणाली, आईला हिकडं आणा. पण दोन खोल्यांचं रेल्वे क्वार्टर, सासूचा पाय मोडलेला, जावयाची रात्रपाळी. तिलाही माहीत आहे. गाडीची घोषणा ऐकू येत होती तिच्या पाठीमागं.

दोनदा मॅडमचा नंबर काढला. दोनदा फोन पालथा ठेवला.

२९ नोव्हेंबर

धाकटे मालक, आता तेच धंदा बघतात, वखारीत यायचे तेव्हा पोरगेलेसे होते. तराजूवर चढून बसायचे, अण्णा माझं वजन घ्या म्हणून. आज त्यांच्या कॉम्प्युटरात माझ्या घरातून कुणी गेलं असेल आणि मी इथं बसून आवक लिहितोय.

शेवटी लावला मॅडमना. सांगितलं. शांतानं दाबलं असं सांगायचं नव्हतं, मी दाबलं म्हणणार होतो. पण मग त्या विचारतील, काय दिसलं, कुठून विचारलं, मी काय सांगणार. खरंच सांगितलं.

मॅडम म्हणाल्या, "अण्णा, त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

म्हटलं, भ्यालो.

"आता मला हे वर कळवावंच लागतं. तुमचं बंद करते. बघतो आम्ही, कुठून उघडलंय ते."

म्हटलं, दुसरा फोन घेतो. तिचा वेगळा, माझा वेगळा. उद्याच घेतो.

"घ्या. पण आता नुसत्या फोनचा प्रश्न नाही राहिला." मग आवाज उतरला. "शांताआक्कांना रागावू नका हं."

ठेवल्यावर लॅपटॉप उघडून बघितला. खरंच बंद.

३० नोव्हेंबर

धाकट्या मालकांचा फोन. आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. "अण्णा, तुमच्यावर संशय नाही. पण माणसं विचारतायत. उद्या या. लॅपटॉप आणा, तो फोन आणा. समोर बसून बघू, काय सापडतंय."

विचारलं, सापडलं नाही तर पुन्हा सुरू होईल का?

"या तर आधी."

चंपाक्काला विचारलं, उद्या बसशील का. म्हणाली, "बसते की. पर दुपारपातुर. मग पोरं शाळंतनं येत्यात. तुमी तोवर आलं पायजे." मी येतो म्हणालो. कसा येणार ते माहीत नाही. विधानसभेचं अधिवेशन तोंडावर, बेळगावात शिरायलाच गाड्या रखडतात म्हणे.

दुसऱ्या फोनची किंमत विचारली, पगार झाल्याशिवाय जमत नाही. शांताला उद्याचं सांगितलं. फोनकडं बघत राहिली.

"हा न्यावा लागतोय गं, उद्याचा दिवस. मालकांनी मागवलाय."

"म...ग?"

"मग चंपाक्का आहे."

"दु...पारी?"

१ डिसेंबर

निपाणी स्टँड. बेळगाव गाडी लागलेली नाही. लॅपटॉप मांडीवर, त्यावर ही वही.

निघताना तिला वळवून ठेवलं, तांब्या डाव्या हाताला. उशाजवळची फोनची जागा ती हातानं चाचपत होती. तिथं पितळेची घंटी ठेवली, देवापुढची. म्हटलं, काही लागलं तर वाजव, चंपाक्का तिच्या घरात असली तरी भिंतीपलीकडं ऐकू जातं. तिनं वाजवून दाखवली. जाते ऐकू, चंपाक्कानं तिकडून ओ दिली. पण दुपारनंतर चंपाक्का पोरांना घेऊन मळ्यात असते, हे आम्हाला तिघांनाही माहीत आहे.

मालकांना काय सांगायचं ते घोकतोय. तांबड्याचं तिला मी सांगितलं होतं, नीट सांगितलं नव्हतं. तिच्या हातून एक काम होत होतं म्हणून मी तिच्याकडून करून घेत होतो. लॅपटॉप काढून घ्या, पण रोज बोलावू नका. आठवड्यातून एकदा येतो. बंद पडलेल्या वखारीची झाडलोट सांगा, पण निपाणीतच सांगा. असं बोलावं की नको. रडू येऊ नये एवढंच.

फोन खिशात. मघापासून दोनदा काढून बघितला. कुणाच्या फोनवरून लावून तिला विचारू म्हटलं तर लावणार कुठं.

गाडी लागली.